टेबलाखाली

ऑक्टोबरचा तिसरा गुरुवार, बर्कलीत भूकंपाचा सराव. वाका, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. खाली बसूनही काहींचे डोळे मोबाइलवरच! इथे हेवर्ड प्रस्तरभंग विद्यापीठाच्या स्टेडियमखालूनच जातो. १८६८ मध्ये तो मोठा हादरला होता. म्हणून २०१२ मध्ये पुन्हा उघडलेल्या स्टेडियमचे काही भाग सुटे ठेवलेत, जमीन सरकली तर आपापले हलावेत असे.

मला मात्र किल्लारीचा भूकंप आठवत राहिला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास सगळे झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड धाबं. तिथे टेबल कुठलं, आणि असतं तरी काय? आधी भिंत धड हवी, मग सराव.

उद्या प्रयोगशाळेतलं बाटल्यांचं कपाट भिंतीला आवळायचंय. शिडी मिळाली तर.