आजी आणि नात

आमच्या नरडाण्याला आगगाडीची नवलाई नाहीं. गांव सुरत-भुसावळ मार्गावरच वसलें आहे. पण आगगाडी यावयाची म्हणजे फाटक पडे, बैलगाड्या खोळंबत, माणसें दूर सरत. रूळ आणि रस्ता यांचें हाडवैर असतें, ही माझी बालपणींची समजूत. ती डळमळली वडिलांच्या तोंडच्या ट्रामच्या गोष्टींनीं.

वडील तरुणपणीं नोकरीनिमित्त मुंबईस होते. रुळांवरून धांवणारी, तरीही हातगाडी आडवी आली कीं घंटा ठणठणावीत थांबणारी गाडी त्यांनीं तेथें पाहिली. ९ मे १८७४ रोजीं ती घोड्यांच्या बळावर निघाली. १९०७ सालीं तिला वीज मिळाली, १९२० सालीं दुसरा मजला. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला ती शेवटची गेली. निरोपाच्या त्या गर्दींत वडीलही होते.

जगांत मात्र ट्रामचा वंश खुंटला नाहीं. ‘लाइट रेल’ ही तिची नात १९७८ सालीं कॅनडांतील एडमंटन येथें आणि १९८१ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें धांवूं लागली. आजी गर्दींतून वाट काढी. नातीला बहुधा राखून ठेवलेली वाट असते. आजी थोड्याथोड्या अंतरावर थांबे. नातीचीं ठाणीं दूरदूर. आजीकडे पायऱ्या चढून जावें लागे; पुष्कळ ठिकाणीं नातीचा उंबरठा फलाटाशीं समतल असतो.

मुंबईला ही नात लाभली नाहीं. ८ जून २०१४ रोजीं तेथें मेट्रो आली, ती उंच खांबांवरून. पुढें एकदां वडिलांना मी घाटकोपरहून वर्सोव्याला नेलें. त्यांचे गुडघे निकामी झालेले; परंतु पाळण्यानें वर गेलों आणि एकही पायरी न चढतां ते डब्यांत बसले. जुन्या ट्राममध्यें त्यांना आतां चढवलेंच नसतें. मी मनांतल्या मनांत नव्या युगाला धन्यवाद देत होतों. वडील मात्र खिडकीशीं वांकून कांहीं तरी शोधीत होते. शेवटीं म्हणाले, “रस्ता कथा गया रे भाऊ?”

मला उत्तर सुचलें नाहीं. खालीं छपरें सरकत होतीं. वडिलांचे गुडघे आणि त्यांचा रस्ता, दोन्ही सांभाळणारी गाडी माणसाला बनवितां येते, हें मला ठाऊक होतें. ती आमच्या वांट्याला आली नव्हती, एवढेंच.