विशेष काही नाही, पण ऐक...

'काय नवीन?' असं ऑफिसात कुणी विचारलं की आपण काय म्हणतो? 'काही नाही यार, नेहमीचंच!' विषय खल्लास. पश्चिम आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत मात्र या उत्तरानेच गप्पांची सुरुवात होते. 'एनी न्यूज?' 'छे, काहीच नाही!' आणि मग पुढची चाळीस मिनिटं न्यूजच न्यूज. कुणाच्या छपराचं काम पावसामुळे अडलं, चर्चजवळचं बंद दुकान कुणी घेतलं, कुणाचा मुलगा सुट्टीवर आलाय आणि परत जायचं नावच घेत नाहीये...

तसं मेयोत पाहण्यासारखं भरपूर आहे. फॉक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात मॉय नदीच्या काठी १८९२ साली एका ननने सुरू केलेली लोकरीची गिरणी आहे. तिथली ब्लँकेट्स एकदम क्लास! नदीत सॅमन मासे. हिरवाई एवढी की मॉनिटरकडे बघून थकलेले डोळे निवतात. पाऊस एवढा की छत्री ही निव्वळ मनाची समजूत. पण मी तिथून खरं काय आणलं असेल तर या बातम्या!

पाठवणीची रात्र

या गप्पांमागे एक मोठी जखम आहे. १८४१ मध्ये मेयोची लोकसंख्या ३ लाख ८८ हजारांच्या वर होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळात आयर्लंडमधली सुमारे दहा लाख माणसं गेली. साधारण तेवढीच बोटीत बसून देश सोडून गेली. मेयोला सगळ्यात जास्त झळ बसलेल्या भागांपैकी एक मानतात. २०२२ च्या जनगणनेत इथे १ लाख ३८ हजारांच्या आसपास लोक होते. म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी पूर्वीच्या निम्मेही नाहीत.

अमेरिकेला निघालेल्या पोराच्या आदल्या रात्री अख्खं गाव त्याच्या घरी जमायचं. गाणी, नाच, दारू आणि रडणं. याला नाव होतं 'अमेरिकन वेक'. वेक म्हणजे मृतदेहाशेजारी रात्रभर जागणं! माणूस जिवंत, पण पुन्हा दिसायची आशा नाही, म्हणून जिवंतपणीच जागरण. नंतर तिकडून पत्र यायचं, कधी त्यात डॉलर. इकडून जायच्या बातम्या. पुढे स्थानिक साप्ताहिकाची गुंडाळी करून ती पोस्टाने परदेशी पाठवायची घरोघरी पद्धत पडली. मेयोतलं 'कॅनॉट टेलिग्राफ' १८२८ पासूनचं आणि 'वेस्टर्न पीपल' १८८३ पासूनचं.

जवळच्या बालिना शहरात जन्मलेल्या मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. त्यांनी राष्ट्रपती भवनाच्या खिडकीत एक दिवा लावला, परदेशी गेलेल्यांसाठी. हा ओघ आजही थांबलेला नाही. एप्रिल २०२४ पर्यंतच्या एका वर्षात आयर्लंडमधून १०,६०० जण एकट्या ऑस्ट्रेलियाला गेले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा ४,७०० होता.

रविवार, सकाळी दहा

माझ्या बी अँड बीच्या मालकीणबाईंची धाकटी बहीण त्यांच्यापैकीच एक. २००८ च्या मंदीत बांधकामाचा धंदा बसला, नवऱ्याचं काम गेलं, आणि २०१२ मध्ये दोघं पर्थला गेली. दर रविवारी सकाळी दहाला टॅब्लेट चहाच्या किटलीला टेकवून उभा केला जातो. उन्हाळ्यात पर्थ सात तास पुढे, म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच. 'तुम्हीही बसा हो, यात खासगी काही नाही,' म्हणत त्यांनी माझ्यापुढे सोडा ब्रेडची बशी सरकवली.

'विशेष काही नाही, पण ऐक...' गाडी सुटली. शेजाऱ्याने नवं गेट बसवलं. ('कुठलं? रस्त्याकडचं की विहिरीकडचं?' 'रस्त्याकडचं. हिरवं.' 'हिरवं? त्याला?') गवताची दुसरी कापणी पावसामुळे लांबली. टेकडीवरच्या रिकाम्या घरात रात्री दिवा दिसला. शाळेत या वर्षी पहिलीला चारच मुलं, असंच चाललं तर एक शिक्षक जाणार. ही शेवटची बातमी मालकीणबाईंनी भरकन उरकली. पर्थकडूनही प्रश्न आला नाही. बहिणीची दोन मुलं आज त्याच शाळेत असायची.

आणि मग तिकडून अचानक, 'गेले तीन रविवार डॅडींना रस्त्यात कुणीच कसं भेटलं नाही?'

हे कळायला मेयोचा रस्ता माहीत हवा. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बस, झाला नमस्कार! अनोळखी असलात तरीही. मलासुद्धा दिवसाला वीस-पंचवीस बोटं मिळायची. ऐंशी पार केलेले डॅडी रोज गाडीने गावात जायचे आणि कोण कोण दिसलं याची यादी आणायचे. रविवारच्या बातम्यांचा निम्मा पुरवठा तिथूनच.

किचनमध्ये शांतता. मग मालकीणबाई म्हणाल्या, 'डोळ्यांचं निदान झालं गं. डॉक्टरांनी किल्ल्या ठेवायला सांगितल्या.'

'आणि तू मला सांगितलं नाहीस?'

'तू तिथून काय करणार होतीस?'

यावर दोघींकडे उत्तर नव्हतं. मी ब्रेडला लोणी लावत बसले, बराच वेळ. शेवटी टॅब्लेटमधून आवाज आला, 'मग मिस्साला त्यांना कोण नेतं?'

'शेजारचा.'

'हिरव्या गेटवाला?'

'तोच.'

'बरं,' ती म्हणाली. 'मग गेट चांगलंच असेल.'

कोण गेलं?

मेयोत सगळ्यात महत्त्वाची बातमी मात्र मृत्यूची. मिडवेस्ट रेडिओ हे स्थानिक स्टेशन निधनवार्ता वाचतं, तेव्हा घराघरात आवाज मोठा होतो. २००५ पासून 'आरआयपी डॉट आयई' ही खास निधनवार्तांची वेबसाइट आहे. देशभर तिचं इतकं चालतं की २०२४ मध्ये ती 'आयरिश टाइम्स'ने विकत घेतली. बऱ्याच चर्चमध्ये वेबकॅम असतो, त्यामुळे पर्थमध्ये बसून अंत्यविधी लाइव्ह बघता येतो. २०२० च्या कोविडमध्ये अंत्यविधीला माणसांची मर्यादा आली, तेव्हा गावकरी अंतर ठेवून रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते. शेजाऱ्याला निरोप द्यायचा म्हणजे द्यायचा!

या बाबतीत इथले लोक किती हळवे, याचा किस्सा फुटबॉलचा आहे. आयरिश पद्धतीच्या फुटबॉलमध्ये मेयोने ऑल-आयर्लंड जिंकली ती १९५१ साली. दंतकथा अशी की विजयी टीम वाजतगाजत येत असताना फॉक्सफर्डला एक अंत्ययात्रा चालली होती, आणि पोरं थांबलीच नाहीत. लागला शाप! १९८९ ते २०२१ मध्ये मेयो अकरा वेळा फायनलला पोहोचली आणि अकराही वेळा हरली.

मग मला प्रश्न पडला. रेडिओ आहे, वेबसाइट आहे, वेबकॅम आहे, तर रविवारचा कॉल कशाला? मालकीणबाई हसल्या. 'कोण गेलं ते तिला माझ्याआधी कळतं. पण कोण कुणाशेजारी उभं होतं आणि कोण कुणाशी बोललं नाही, ते कुठे छापून येतं?'

खरंय. बातमी कुणालाही मिळते, 'हिरवं? त्याला?' विचारायचा हक्क फक्त गावच्या माणसाला असतो. ताईचा रविवारचा फोन तो हक्क चालू ठेवतो, दर आठवड्याला. आणि म्हणूनच तीन रविवार लपवलेल्या किल्ल्या धाकटीला एवढ्या लागल्या. तेवढ्यापुरती ती पाहुणी झाली होती.

वराडमार्गे

या गोष्टीला एक कोकणी टोकही आहे बरं का! आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, डॉक्टर होऊन परदेशी गेलेले. २०१७ मध्ये लिओ पंतप्रधान झाले तेव्हा बातमी उलट्या दिशेने आली, आयर्लंडहून वराडला. डिसेंबर २०१९ मध्ये ते पदावर असताना वडिलांच्या गावी येऊनही गेले.

तुमचंही कुणी टोरांटोला किंवा सिडनीला असेल. पुढच्या कॉलला 'सगळं ठीक' म्हणून फोन ठेवू नका. सोसायटीच्या गेटचा रंग सांगा. आणि आईच्या गुडघ्याचंही सांगा.

जायचं असेल तर...

मुंबईहून दुबई, अबुधाबी किंवा लंडनला विमान बदलून डब्लिन. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॅसलबार-वेस्टपोर्टची ट्रेन. फॉक्सफर्ड-बालिनासाठी मनुला जंक्शनला गाडी बदला. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तेव्हा व्हिसाची चौकशी वेगळी करा. कॅसलबारजवळ टर्लो पार्कमध्ये ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. गाडी भाड्याने घेतलीत तर मस्तच! फक्त एक बोट मोकळं ठेवा.