एक मोजून, एक बेसुमार

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात वसंत ऋतूत शनिवार-रविवारला जोडून शिकारसहली निघतात. त्यांपैकी काहींत रानडुक्कर आणि रानटर्की या दोन्हींची शिकार असते. पाहुणे शुक्रवारी दुपारी एखाद्या रँचवर उतरतात आणि रविवारी दुपारी परततात. मुक्काम, जेवण, मचाण, सोबतीचा गाईड आणि मारलेले जनावर साफ करून देणे हे सहसा एकाच रकमेत येते. बंदूक आणि परवाना बहुधा ज्याचा त्याने आणायचा असतो. टेक्ससमधली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची असल्यामुळे तिथली शिकार मुख्यतः मालकाच्या संमतीवर चालते. ही संमती विकणे हा अनेक रँचमालकांचा गुरांच्या जोडीचा धंदा झाला आहे.

सहल एक, रान एक, गाईडही एकच. कायदा मात्र या दोन प्राण्यांना अगदी वेगळ्या मापाने मोजतो. रानडुकराला बंद हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. नर, मादी, पिल्लू, दिवस, रात्र असा भेदही नाही. 2019 पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. 2011 च्या कायद्याने तर हेलिकॉप्टरमधून पैसे भरून डुकरे टिपण्याची वाट मोकळी केली. टर्कीसाठी याउलट परवाना, त्यावर पक्ष्यांच्या शिकारीची वेगळी नोंद आणि ठरलेला हंगाम लागतो. वसंतातला हंगाम विभागानुसार मार्च ते मे या काळात येतो आणि एका शिकाऱ्याला वर्षभरात जास्तीत जास्त चार टर्की मिळू शकतात. वसंतात नरच मारायचा. छातीवर केसांसारख्या पिसांची दाढी असलेली एखादी मादी तेवढी अपवाद. पक्षी पडताक्षणी त्याला परवान्यावरचा टॅग लावावा लागतो.

या भेदाचे मूळ इतिहासात आहे. डुक्कर अमेरिकेचे नव्हेच. 1539 मध्ये स्पॅनिश सेनानी हर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला, तेव्हा सैन्याच्या शिध्यासाठी त्याने डुकरे सोबत आणली होती. पुढच्या वसाहतवाल्यांनीही पाळीव डुकरे रानात मोकळी सोडली आणि त्यांतली बरीच रानटी झाली. विसाव्या शतकात हौशी शिकाऱ्यांनी युरोपातली रानडुकरे मुद्दाम आणून सोडली. टेक्ससमध्ये ती 1930 च्या दशकात आली आणि दोन्हींचा संकर झाला. मादी वर्षाच्या आतच वयात येते, गर्भकाळ चार महिन्यांहून कमी असतो आणि एका वेताला सरासरी चार ते सहा पिल्ले होतात. आज एकट्या टेक्ससमध्ये त्यांची संख्या वीस लाखांहून खूप वर असल्याचा अंदाज आहे. रात्रीतून एक कळप मक्याचे किंवा भुईमुगाचे शेत नांगरल्यासारखे उकरून टाकतो.

टर्की तिथलीच. एकोणिसाव्या शतकात जंगलतोड आणि बाजारासाठी झालेली बेबंद शिकार यांमुळे ती अनेक राज्यांतून नाहीशी झाली. पिंजऱ्यात वाढवलेली पाखरे रानात सोडण्याचा उपाय फसला, कारण ती तिथे तग धरेनात. मग रानातलीच टर्की पकडून दुसऱ्या रानात नेण्याचा मार्ग निघाला. 1951 मध्ये दक्षिण कॅरोलायनात बार उडवून अंगावर पडणाऱ्या जाळ्याने रानटर्की पकडण्यात यश आले आणि कामाला वेग आला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, छऱ्याच्या बंदुका आणि काडतुसे यांच्यावरचा अकरा टक्के कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला होता. तो पैसा आणि परवान्यांचे शुल्क या कामी आले. 1973 मध्ये, राष्ट्रीय रानटर्की महासंघ स्थापन झाला तेव्हा, देशात सुमारे तेरा लाख टर्की होत्या. या शतकाच्या सुरुवातीला ती संख्या साठ लाखांच्या पुढे गेली.

सहलीचा क्रम प्राण्यांच्या सवयींवर बेतलेला असतो. शुक्रवारी दुपारी आधी कागदांवर सह्या होतात. अपघाताची जबाबदारी स्वतःवर घेतल्याचे पाहुण्याकडून लिहून घेतले जाते. 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याने शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखलाही लागतो. मग निशाणावर दोन-चार गोळ्या झाडून रायफल जुळवून घेतली जाते. गाईडला यातून बंदुकीइतकीच पाहुण्याचीही पारख होते. नळी कुणीकडे आहे याचे भान कोण ठेवतो, घाई कोण करतो, हे त्याला तिथेच समजते.

डुकराची बैठक संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालते. झाडीतल्या मोकळ्या जागेत तीन पायांवर पिंप उभे असते. त्याच्या तळाची चकती घड्याळाच्या ठरल्या वेळी फिरते आणि मक्याचे दाणे चहूकडे उधळते. काही आठवडे हे चालले की त्या आवाजावर कळप येऊ लागतो. मचाण वाऱ्याच्या खालच्या अंगाला असते, कारण डुकराची नजर बेताची असली तरी नाक विलक्षण तीक्ष्ण असते. अंधार पडल्यावर उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत काळ्या रानावर पांढरे ठिपके हलताना दिसतात. पुढे माद्या, मधे पिल्ले आणि जरा मागे एकटा नर. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा जाड, चिवट थर असतो. माजाच्या काळात दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून तो थर त्याला वाचवतो. बारीक गोळी तिथे नीट आत शिरली नाही, तर जखमी जनावर काट्यात घुसते. म्हणून गाईड नेमकी जागा दाखवतो आणि जनावर आडवे उभे राहीपर्यंत थांबायला लावतो. पहिल्या बारानंतर कळप फुटतो आणि बहुधा त्या रात्री परतत नाही.

शनिवारी पहाटे सगळी रीत उलटते. इथे वाऱ्याची फिकीर नसते, कारण टर्कीला वासाचे ज्ञान जेमतेम असते. तिची नजर मात्र माणसापेक्षा कितीतरी तेज. टेक्ससची रिओ ग्रांदे जातीची टर्की नदीनाल्याकाठच्या उंच झाडांवर रात्र काढते. गाईड उजाडण्याआधी घुबडासारखा आवाज काढतो आणि त्या आवाजाने चिडून नर झाडावरूनच ओरडतो. जागा कळली की दोघे ठरावीक अंतरावर एखाद्या रुंद बुंध्याला पाठ टेकून बसतात. अंगावर पानापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, हातात मोजे. लाल, पांढरा आणि निळा रंग कटाक्षाने टाळतात. नराच्या डोक्यामानेवर हेच रंग चढतात आणि दुसरा शिकारी त्यांवरच बार टाकू शकतो.

मग सुरू होते ते हाळी देण्याचे कसब. पातळ लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर एका टोकाला खिळलेले झाकण आणि झाकणाला खडू चोळलेला. झाकण पेटीच्या कडेवर हलके ओढले की मादीचा आवाज उमटतो. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, शिकाऱ्याला मात्र नराला आपल्याकडे खेचायचे असते. म्हणून अनुभवी गाईड थोडेच बोलतो आणि फार वेळ गप्प राहतो. सतत पेटी वाजवली, तर नर मादी येण्याची वाट पाहत पिसारा फुलवून जागीच थांबतो. तो छऱ्याच्या बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण पस्तीस मीटरांच्या आत आला, तरच बार काढायचा, तोही डोके आणि मान धरून. त्या वेळी पाहुण्याने डास मारायला हात जरी उचलला, तरी सकाळ वाया जाते. टर्कीची हमी गाईड सहसा देत नाहीत, ती यामुळेच.

दुपारी मांसाचे काम असते. डुक्कर टांगून हातमोजे घालून सोलतात, कारण रानडुकरांत ब्रुसेलोसिससारखे माणसाला होणारे रोग आढळतात. मांस बर्फाच्या पेटीत जाते आणि आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजवूनच खातात. टर्कीची छाती आणि तंगड्या काढून घेतात. दाढी आणि पायांवरच्या नख्या बरेच जण आठवण म्हणून ठेवतात.

डुकरे मारून शेतकऱ्याला मदतच होते, असे या सहलींच्या समर्थनात म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. टेक्ससमधल्या अभ्यासानुसार संख्या नुसती स्थिर ठेवायची, तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतील. सगळे उपाय धरूनही प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही निघत नव्हती. मचाणावरून एक-दोन जनावरे पडतात, उरलेली सावध होऊन शेजारच्या रानात पांगतात. कॅमेरा लावलेल्या कोंडवाड्यात अख्खा कळप पकडणे याहून परिणामकारक ठरते. शिवाय जे विकले जाते ते संपावे असे विकणाऱ्याला वाटत नाही. शिकारीच्या ओढीने लोक डुकरे ट्रकमधून नव्या भागांत नेऊन सोडत आले आहेत. म्हणूनच मिसुरी राज्याने संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदी घातली. टेक्ससच्या कृषी विभागाने 2017 मध्ये डुकरांसाठी विष वापरू द्यायचे ठरवले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत शिकारी आणि रानडुकराच्या मांसाचे व्यापारी पुढे होते आणि तो बेत तेव्हा बारगळला.

हेच डुक्कर महाराष्ट्रात मूळचे आहे. इथे ते वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर बंधन घातले आहे. विदर्भातला शेतकरी सोयाबीन किंवा तूर राखायला माळ्यावर रात्र जागवतो, नुकसानीचे पंचनामे करून घेतो, पण हौसेने बंदूक उचलू शकत नाही. उपद्रव दोन्हीकडे सारखाच असला, तरी इथे ते जंगलाच्या साखळीतला दुवा ठरते आणि तिथे घुसखोर. संयमाचे माप जनावराच्या वेदनेवरून किंवा बुद्धीवरून ठरत नाही. तसे असते, तर चलाख आणि पिल्लांना जपणाऱ्या डुकरिणीला टर्कीपेक्षा अधिक दया मिळाली असती. माणसाला त्या प्रजातीचे आपल्या भूमीत काय करायचे आहे, यावरून ते ठरते.

या दृष्टीने अशा सहलीचा ताळेबंद सरळ आहे. रविवारी दुपारी पाहुण्याच्या पेटीत बहुधा डुकराचे मांस असते आणि टर्कीचा टॅग अनेकदा कोराच राहिलेला असतो. मारलेल्या एक-दोन डुकरांनी कळपांच्या संख्येत फरक पडत नाही. त्यांच्यामुळे रँचमालकाला उत्पन्न मिळते आणि पाहुण्याला महिनाभर पुरेल इतके मांस. टर्कीच्या बाबतीत मात्र परवान्याचे शुल्क आणि काडतुसांवरचा कर पक्षी पडो न पडो जमा होतोच, आणि तिच्या राखणीच्या कामी लागतो. शिकारीच्या हौसेने एका प्राण्याला जिथे तो नव्हता तिथे नेऊन वाढवले. दुसरा जिथून हटवला गेला होता तिथे परत आला, तो त्या हौसेला हंगाम, टॅग आणि कर यांची वेसण घातल्यावर.