दोरीचे दुसरे टोक

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी समुद्र पाहिला आहे? हात वर करा बघू!

आमच्या शिरोलीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा अडतीसपैकी फक्त नऊ हात वर आले. नवल नाही. आमची शिरोली कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या पुलापलीकडे. म्हणून तर गावाचे नावच 'पुलाची शिरोली'! आम्ही पाणी पाहतो ते पुराचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा इतकी फुगली, की पुणे-बंगळूर महामार्गच काही दिवस बंद पडला होता. एरवी मात्र आमच्याकडे आगीचे राज्य. एमआयडीसीत जिकडेतिकडे फाउंड्री. भट्टीत लोखंड वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे आणि त्यातून गाड्यांचे, यंत्रांचे भाग काढायचे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील हेच काम करतात.

यातलीच सहा-सात मंडळी सुट्टी मिळाली की दोर-पिशव्या घेऊन डोंगरात जातात. प्रस्तरारोहणाचे, म्हणजे कातळ चढण्याचे, त्यांनी रीतसर शिक्षण घेतले आहे. दिवाळीपूर्वीच्या पालकसभेत त्यांच्यापैकी एकजण मला म्हणाले, "बाई, औंदा रत्नागिरीला चाललोय. समुद्राच्या कडेला कातळ चढायचा. तुम्हीबी चला की."

हे गृहस्थ माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. मुलगा हुशार, पण फळ्यापाशी बोलावले की गप्प. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. मी म्हणायची, "अरे, लवकर बोल! घाबरायचं काय त्यात?" हे वाक्य लक्षात ठेवा हं. पुढे ते माझ्याच अंगाशी येणार आहे.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी, आमच्या शाळेतल्या आणखी एक बाई आणि ही फाउंड्रीतली मंडळी. तोवर माझी त्यांची ओळख 'अमक्याचे वडील' एवढीच. शिरोलीपासून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. मलकापूर मागे पडले, आंबा गाव आले आणि घाट सुरू झाला. याच डोंगररांगेत विशाळगड आणि पावनखिंड. १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे इथेच लढले, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. घाट उतरलो तसे स्वेटर निघाले. साखरपा, पाली, हातखंबा करत दुपारी रत्नागिरीत पोहोचलो.

रत्नागिरी म्हणजे लोकमान्य टिळकांचे जन्मगाव. ते इथे १८५६ मध्ये जन्मले. इथेच ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ पासून नजरकैदेत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आपला समुद्र, आपला देश त्याला पुन्हा दिसला नाही.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. इथली वाळू काळी! आमच्यातल्या मोल्डरकाकांनी खिशातून लोहचुंबक काढले आणि वाळूत फिरवले. काळे कण मिशांसारखे त्याला चिकटले. त्या वाळूत लोहाची खनिजे आहेत. "च्यामारी, हितंबी लोखंडच!" असे म्हणून सगळे हसले. तुम्ही गेलात तर चुंबक बरोबर न्या. मात्र ते कागदात गुंडाळा, नाहीतर कण काढता काढता नाकी नऊ येतील.

मग मिरकरवाडा बंदरावर एका वयस्कर तांडेलांशी गाठ पडली. उद्या भरती किती वाजता, असे विचारले, तर त्यांनी घड्याळ पाहिले नाही की कागद पाहिला नाही. म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा." उद्या चतुर्थी. चार पाऊणे तीन. म्हणजे पूर्ण भरती सुमारे तीनला! भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी सर्वांत मागे. आहे की नाही गंमत? आपल्याला पाऊणकी कशाला शिकवतात, हे मला त्या दिवशी बंदरावर कळले. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून हा हिशेब जुळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदुर्गाच्या बाजूला गेलो. हा किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर आहे. तिन्ही बाजूंना पाणी, वर भगवतीचे देऊळ आणि एका टोकाला दीपगृह. आम्ही अर्थातच किल्ल्याच्या भिंतीला हात लावला नाही. खाली किनाऱ्याकडे तीसेक फूट उंचीचा एक काळा कातळ होता, तो चढायचा होता.

मोल्डरकाकांनी आधी कातळावर हात फिरवला, अगदी कारखान्यातला माल तपासावा तसा. म्हणाले, "बाई, हे बी ओतकामच हाय." खरेच की! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. त्याचाच हा बेसॉल्ट. लाव्ह्याचे तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. फाउंड्रीत लोखंड त्याहूनही जास्त तापवतात. लोखंड थंड होताना आक्रसते. शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर. म्हणून साचा मुळातच थोडा मोठा करतात. लाव्हाही आक्रसला, पण त्याला साचा कोण मोठा करून देणार? तो तडकला. त्याच या भेगा. आणि आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची झाली भोके. "आमच्यात असं भोक पडलं तर माल भंगारात," काका म्हणाले, "हितं मात्र बोट घालाय उपेगी पडतंय!"

चढण्याची रीत अशी. डोक्याला हेल्मेट, कमरेला हार्नेस. हार्नेसला आठाच्या आकड्यासारखी गाठ मारून दोर बांधायचा. तो दोर वर पक्क्या आधारातून फिरून खाली येतो आणि त्याचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या हातात असते. त्याला बिलेयर म्हणतात. तुमचा पाय सुटला, तर तो दोर रोखतो. दोन हात, दोन पाय, त्यांपैकी तीन कायम कातळावर आणि एकच हलवायचा, हा पहिला नियम.

माझा बिलेयर कोण, सांगा पाहू? तोच, आमच्या गप्प मुलाचा बाप!

दहा फूट झोकात चढले. पंधरा फुटांवर उजव्या हाताला काही सापडेना. खाली पाहिले आणि चूक केली. पाय शिलाई मशीनसारखे थडथडू लागले. तोंडाला कोरड पडली. "मला उतरवा" असे म्हणायचे होते, पण ओठ हलले आणि आवाज फुटेना. तेव्हा मला एकदम फळ्याजवळ उभे असलेले ते पोर आठवले.

खालून कोणी "लवकर!" म्हणाले नाही. कोणी हसलेही नाही. फक्त ते शांतपणे म्हणाले, "बाई, दम खावा. घाई न्हाई. दोर माझ्या हातात हाय न्हवं."

मी कपाळ कातळाला टेकवले आणि श्वास मोजले. किती वेळ गेला कोण जाणे. मग डावा पाय जरा वर घेतला, तर उजव्या हाताला आपोआप एक भोक लागले. त्यात दोन बोटे बसली. पुढे आणखी सात-आठ फूट चढले.

मुलांनो, माथा मी गाठला नाही. अकरा वाजले होते, पाणी पायथ्याच्या दगडांवर चढू लागले होते आणि म्होरक्याने शिट्टी वाजवली. थोडेसेच उरले होते, मन हळहळले. पण समुद्र कुणाची वाट पाहत नाही. मी निमूट उतरले. दुपारी तीनला वरून पाहिले, तर आम्ही उभे होतो तिथे पाणी फेसाळत होते.

संध्याकाळी सर्वांनी मिळून हार्नेस आणि लोखंडी कड्या गोड्या पाण्याने धुतल्या. खाऱ्या हवेने धातू गंजतो, हे फाउंड्रीवाल्यांना कोण सांगणार? थायलंडमध्ये क्राबीजवळ रायले नावाचा किनारा आहे. तिथे जगभरातले गिर्यारोहक चुनखडीचे कडे चढायला येतात. तिथेही हीच अडचण. साध्या पोलादाच्या खुंट्या टिकेनात, म्हणून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, भिंत चढण्याचा खेळ ऑलिंपिकमध्येही आला आहे.

सुट्टी संपली, शाळा भरली. मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले. सातचा पाढा. सात आठेपाशी तो अडला. सवयीने "लवकर" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. म्हटले, "घाई नाही. मी आहे इथं." वर्ग चुळबुळला. मीही मनात श्वास मोजत होते. बऱ्याच वेळाने अगदी बारीक आवाज आला, "छप्पन्न." त्या दिवशी तो तिथेच थांबला. मीही पुढे ताणले नाही.

एक मात्र बजावते. हे वाचून घरामागच्या दरडीवर चढू नका हं! शिकलेल्या माणसांबरोबर, हेल्मेट आणि दोर लावून, घरी सांगूनच जायचे. आणि समुद्राकाठी जाल तेव्हा आधी तिथी बघा. आज कोणती तिथी आहे? करा पाहू पाऊणपट!