माणसांवांचून राहिलेलें खेडें

इंग्लंडांतील खेड्याचें वर्णन इंग्रजी पाठ्यपुस्तकांत वाचलें नाहीं, असा आमच्या वाचकांत क्वचितच कोणी असेल. हिरवीं कुरणें, करड्या दगडाचीं घरें, मधोमध चर्च आणि बाजूनें वाहणारा ओढा, हें चित्र आपल्या मनांत इतकें ठसलेलें असतें कीं, तें एकदां प्रत्यक्ष पाहावें असें प्रत्येकास वाटतें. आम्हांसही तसें लहानपणापासून वाटत असे. पुढें इंग्लंडास जाण्याचा योग आला तेव्हां आम्हीं अनेक खेडीं पाहिलीं. परंतु जें आमच्या स्मरणांतून जात नाहीं तें टाइनहॅम. वरील चित्रांतील बहुतेक सर्व गोष्टी तेथें आहेत. नाहींत तीं फक्त तेथें राहणारीं माणसें.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नांवाचा परगणा आहे. त्याचा एक भाग पर्बेकचें बेट या नांवानें ओळखला जातो. वस्तुतः तें बेट नव्हे, समुद्रांत शिरलेला भूभाग आहे. या भागांत दोन डोंगररांगांच्या कुशींत टाइनहॅम वसलें आहे. उत्तरेची रांग खडूसारख्या पांढऱ्या दगडाची, तर दक्षिणेची कठीण चुनखडीची. या दोहोंमधील माती व वाळूचे थर मऊ असल्यामुळें ते पावसापाण्यानें झिजून गेले आणि मध्यें हें खोरें तयार झालें. खोऱ्यांतून एक लहानसा ओढा वाहतो व मैलभर अंतरावर वरबॅरो नांवाच्या उपसागरास मिळतो. त्या उपसागराच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे भूगोलाचें पुस्तक उघडून समोर ठेवावें तसें वाटतें: एका बाजूस शुभ्र कडे, मध्यें तांबड्यापिवळ्या मातीचे व वाळूचे थर, आणि दुसऱ्या बाजूस चुनखडीचा सुळका! वरच्या डोंगरावर लोहयुगांतील एका किल्ल्याची तटबंदी आहे. तिचा बराच भाग कडा ढासळून समुद्रांत गेलेला आहे.

आम्ही जुलै महिन्यांतील एका रविवारीं तेथें गेलों. दिवस मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, हें खोरें अद्याप सैन्याच्या ताब्यांत आहे, आणि लोकांस तेथें बहुतेक शनिवार-रविवारीं व सुट्टीच्या दिवसांतच जातां येतें. वाटेच्या कडेनें पिवळे खुंट रोवलेले आहेत. त्यांच्या पलीकडे पाऊल टाकूं नये, न फुटलेले तोफगोळे असण्याचा संभव आहे, अशा पाट्या ठिकठिकाणीं लावल्या आहेत. गांवांत शिरतांच घरांची एक ओळ लागते. भिंती उभ्या आहेत, पण छपरें नाहींत. भिंतींत जुन्या चुली दिसतात. त्यांत विस्तव नाहीं. खिडक्या आहेत, पण त्यांतून पलीकडे आकाशच दिसतें. जवळच एक पांढरी टेलिफोनची पेटी उभी आहे. पण तेथून कोणास बोलवावें?

हें असें कां झालें, तें थोडक्यांत सांगतों. १९४३ सालीं दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें आणि रणगाड्यांच्या तोफांचा सराव करण्यास सैन्याला विस्तीर्ण जागा हवी होती. शेजारच्या लुलवर्थ येथें पहिल्या महायुद्धाच्या काळापासून असा सराव चालत असे. म्हणून त्याला लागून असलेली जमीन घेण्याचें ठरलें. नोव्हेंबर महिन्यांत गांवकऱ्यांस नोटिसा मिळाल्या, व १९ डिसेंबरपर्यंत घरें सोडण्याचा हुकूम झाला. नाताळास तेव्हां एक आठवडाही उरला नव्हता! टाइनहॅम व आसपासच्या वस्त्यांतील सुमारें २२५ माणसें बाहेर पडलीं आणि सुमारें ७,५०० एकर जमीन सैन्याकडे गेली. जातांना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावण्यांत आली. माणसें स्वतंत्र राहावींत म्हणून चाललेल्या युद्धासाठीं आम्हीं पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें दिलीं आहेत, चर्च व घरें जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊं, असा तिचा आशय होता. युद्ध १९४५ सालीं संपलें. पण तो दिवस उगवला नाहीं. १९४८ सालीं सरकारनें ही जमीन सक्तीनें खरेदी करून कायमची ताब्यांत घेतली. पुढें लोकांनीं पुष्कळ खटपट केली, तेव्हां १९७५ सालापासून पायवाटा खुल्या झाल्या. चर्च व शाळा यांची डागडुजी करून त्यांत आतां प्रदर्शन मांडलें आहे.

आमच्या मनांत जो गोंधळ झाला तो याच्या पुढचा. युद्धास जागा लागते हें खरें, आणि त्या लोकांनीं ती निमूटपणें दिली हें त्यांस भूषणावह आहे. पण त्याग करणाऱ्याचें कर्तव्य संपतें तेथें तो स्वीकारणाऱ्याचें कर्तव्य सुरू होतें, असें आम्हांस वाटतें. दुसरीकडे डोळ्यांस दिसत होतें तें निराळेंच. नांगर व रासायनिक खतें या उतारांवर फारशीं फिरकलीं नाहींत. त्यामुळें रानफुलें, पक्षी व फुलपाखरें यांस येथें मोठें अभय मिळालें आहे. लुलवर्थ स्किपर नांवाचें एक चिमुकलें, तपकिरी-पिवळें फुलपाखरूं ब्रिटनमध्यें मुख्यतः डॉर्सेटच्या या किनाऱ्यालगतच आढळतें. उंच गवतांतून वारा जात होता, चंडोल आकाशांत गात होता, आणि क्षणभर वाटलें कीं, माणूस गेला तें बरेंच झालें. लगेच दुसरा विचार आला कीं, हें सौंदर्य आपणांस फुकट पाहावयास मिळतें, पण त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी दिली आहे. हे दोन विचार एकमेकांशीं अजूनही जुळत नाहींत, आणि ते जुळवून टाकण्याची घाईही आम्ही करीत नाहीं.

या विचारांत असतांनाच आम्ही शाळेंत गेलों. एकच खोली, बांक, फळा व बांकांवर वह्या. मुलांची संख्या घटल्यामुळें ही शाळा १९३२ सालींच बंद झाली होती, म्हणजे गांवाच्या अकरा वर्षें आधीं. कोट अडकविण्याच्या खुंट्या भिंतीवर ओळीनें आहेत व प्रत्येक खुंटीपाशीं एकेका मुलाचें नांव लिहिलें आहे. डोंगर, समुद्र, पडक्या भिंती पाहून जें आम्हांस कळलें नव्हतें, तें त्या नांवांनीं कळलें. डोंगर माणसांवांचून डोंगरच राहतो आणि ओढाही ओढाच राहतो. परंतु गांव मात्र माणसांवांचून गांव राहत नाहीं. कोणत्या वाटेनें शाळेंत जावयाचें, कोणत्या झाडाखालीं थांबावयाचें, कोणत्या घरीं हक्कानें पाणी मागावयाचें, हें ज्यांस ठाऊक असतें त्यांच्यामुळें रानाचा गांव होतो. तीं माणसें उठलीं कीं, हें ज्ञान त्यांच्याबरोबर उठून जातें. भिंतींची डागडुजी करतां येते. या ज्ञानाची करतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, सुट्टींत तुम्ही आपापल्या गांवीं जालच. त्या वेळीं आजोबांस किंवा आजीस जवळ बसवून विचारा: आपल्या प्रत्येक शेताचें नांव काय? ओढ्याच्या त्या वळणास काय म्हणतात? पारावर पूर्वीं कोण बसत असे? तीं सर्व नांवें एका वहींत नीट लिहून ठेवा, आणि वहीवर तारीख घालण्यास विसरूं नका. आज हें काम क्षुल्लक वाटेल. परंतु गांव नकाशावर असतो त्याहून अधिक तो अशा नांवांत असतो, आणि हीं नांवें सांगणारीं माणसें आज तुमच्या घरांत आहेत.