आत्याचा लेहरा

मिरजेच्या माणसाला गाणं फुकटात मिळतं, असा बाहेरच्यांचा समज असतो. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, विष्णु दिगंबर पलुसकर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, सतारी-तंबोऱ्यांसाठी गावाचं नाव देशभर झालं. सगळं खरं. पण बाहेर क्रिकेट रंगात आलेलं असताना तबल्यापुढे मांडी ठोकून बसायचं, हे मिरजेतल्या पोरालाही तितकंच जिवावर येतं. मला ते जमलं, ते आत्यामुळे.

झाकिर हुसेन स्वतः सांगायचे, की ते जन्मले तेव्हा वडिलांनी, अल्लारखांनी, त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते. अशा घरात रियाज हवेतच असतो. आमच्या घरात हवेत असायचा तो रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज. बाबांनी हौसेने क्लास लावला, जोडी आणून दिली आणि ते आपल्या कामाला लागले. सर आठवड्यातून दोनदा शिकवायचे आणि निघताना ‘घरी रोज हात फिरवायचा’ असं बजावायचे. आई ‘बस रे’ म्हणायची, मी ‘बसतो’ म्हणायचो. तबला कोपऱ्यात आणि मी गल्लीत.

आत्या आमच्याकडेच राहायची, सरकारी कचेरीत कारकून होती. भजनी मंडळात पेटी वाजवण्यापुरता तिचा हात होता. एकदा सरांकडून ती चंद्रकंसातला तीनतालाचा लेहरा, म्हणजे तबल्यासोबत पेटीवर फिरत राहणारी धून, लिहून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन तिने कुकर चढवला आणि पेटी काढली. मला म्हणाली, “अरे, जरा ठेका धर की. मला हा लेहरा बसवायचाय, एकटीने लय राहत नाही.”

‘रियाज कर’ म्हटलं असतं, तर मी पोटदुखीपासून गृहपाठापर्यंत काहीही पुढे केलं असतं. पण आत्याचं काम अडलं होतं. मी बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. तिचा हात सुधारायला लागला, तसा माझ्या ठेक्याचा डळमळीतपणा मलाच ऐकू यायला लागला. तोवर कुणी काही बोललं नव्हतं.

तीन शिट्ट्या झाल्या की ती गॅस बंद करायला उठायची आणि तिथेच आमची बैठक संपायची. मी रंगात आलेलो असलो तरी ‘उरलेलं उद्या’ म्हणून भाता मिटायची. त्या उरलेल्यापायी दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी तबल्याची खोळ काढून बसलेला असायचो. तबला पेटीच्या काळी एकला लावायचंही मी तिच्याजवळच शिकलो: गजऱ्यावर हातोडी वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. मी मारायचो, ती षड्ज धरून नुसती मान हलवायची, अजून, अजून, बास.

‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा दुगुनीत गेला की माझं ‘तिट’ अडकायचं. ‘ति’ मधल्या बोटाने, ‘ट’ तर्जनीने. घाई झाली की दोन्ही एकाच वेळी शाईवर आपटायची आणि हात थांबायचा. आत्या मात्र थांबायची नाही. लेहरा त्याच लयीत चालू ठेवायची आणि पुढची सम आली की माझ्याकडे बघून मान द्यायची. तिथून मी पुन्हा शिरायचो. चुकलेल्या जागेवर ती कधी बोट ठेवत नसे. रात्री गवार मोडता मोडता तेच बोल आम्ही हातावर टाळी देत म्हणायचो, सोळा मात्रांत बसेपर्यंत. नवव्या मात्रेला खालीचा हात फिरवताना तिच्या हातातली शेंग टोपल्याबाहेर पडायची.

मी तबलजी झालो नाही. गांधर्व मंडळाच्या चार परीक्षा दिल्या, पुढे नोकरीत गुंतलो. गुरुवारच्या भजनाला साथ करतो, एवढंच. पण एखादी गोष्ट कंटाळा आलेल्या दिवशीही करता येते, ही सवय हातात राहिली.

आता मुलगी व्हायोलिन शिकते. लेहरा, तंबोरा सगळं मोबाइलमध्ये मिळतं, आत्याच्या पेटीपेक्षा कितीतरी सुरात. मोबाइल न थकता वाजतो, पण समेवर मान देत नाही. मुलगी अलंकार घोळवते तेव्हा मी समोर बसून टाळी धरतो. ऑफिसातून आल्यावर ती पंधरा मिनिटं काढताना रोज नाना कारणं सुचतात. मग लक्षात येतं, आत्यालाही कचेरी होती, स्वयंपाक होता, पाठ दुखायची.

क्लासची फी बाबांनी भरली, विद्या सरांनी दिली. त्या दोघांचं ऋण मी चारचौघांत बोलून दाखवतो. आत्याने तिच्या दिवसातला एकमेव विसाव्याचा वेळ मला दिला आणि तो आपल्याच कामासाठी आहे असं भासवलं. त्यामुळे तिचे आभार मानायची वेळच तिने माझ्यावर येऊ दिली नाही.