म्हातारा पाऊस

रतनवाडीच्या अमृतेश्वराचा गाभारा पावसाळ्यात पाण्यानं भरतो. पिंड पाण्याखाली जाते, आणि उंबऱ्याशी वाकून पाहावं तर आत नुसता एक काळा, गार, थरथरता अंधार; त्यावर दिव्याचा पिवळा ठिपका, आणि त्या ठिपक्याचं पाण्यात उतरलेलं, मुळापेक्षा खरं वाटणारं रूप. मी त्या पाण्यात चार बोटं बुडवली, कपाळाला लावली आणि पाठपिशवीचे पट्टे आवळले. बाहेर प्रवरा जन्मत होती. नदी एका जागी उगम पावते असं आपण शाळेत शिकतो, पण जुलैत रतनगडाखाली उभं राहिलं की कळतं, ती शंभर ठिकाणी एकदम जन्मते. कातळाच्या चिरेचिरेतून, कारवीच्या मुळांशी, पायवाटेच्या मधोमध, आणि मी आत्ताच उमटवलेल्या माझ्या पावलाच्या ठशातसुद्धा.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. घरात बैठकीच्या भिंतीवर प्रवरा खोऱ्याचा नकाशा होता, कडांना कसरीनं खाल्लेला. दुपारी सगळे निजले की मी स्टुलावर चढून त्यातल्या निळ्या रेषांवरून बोट फिरवायची. रतनगडापाशी प्रवरा, हरिश्चंद्रगडापाशी मुळा. दोघींची माहेरं शेजारी-शेजारी, बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर. तिथून एक अकोले, संगमनेर, श्रीरामपूर करत निघायची, दुसरी कोतूळवरून राहुरीकडे वळायची, आणि सगळा जिल्हा पालथा घातल्यावर कुठं नेवाशाजवळ दोघींची गाठ पडायची. आई सांगायची, राहूच्या कापल्या गळ्यातून अमृत सांडलं ती प्रवरा, आणि ते अमृत ज्या मोहिनीनं वाटलं तिचं देऊळ नेवाशात. कथेचं एक टोक डोंगरात, एक सपाटीवर. मी बाबांना विचारलं होतं, "इतक्या जवळ आहेत, तर इतक्या लांब जाऊन का भेटतात?"

"मधे डोंगर आहे," बाबा म्हणाले होते.

ते बोटाचं पेर चालून जायचं मी चोपन्नाव्या वर्षी ठरवलं. रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. तीन दिवस, एकटी. आजवर चौघांत चालले. चौघांत वाट गप्पांत विरघळते, चढ कुणाच्या तरी विनोदावर सरतो, आणि घरी आल्यावर आठवतं ते माणसांचं बोलणं. या खेपेला मला वाटेचं बोलणं ऐकायचं होतं. मोबाइलवर हवामानाचा इशारा पिवळा होता. मी त्याला हळदीचा रंग समजले आणि निघाले.

पहिला दिवस लाडाचा होता. जंगल आत घेत गेलं. ओलसर पालापाचोळ्याचा तो आंबूस, गोडसर वास, कुजण्याचा आणि रुजण्याचा एकच. झाडांच्या खोडांवर मखमलीसारखं चढलेलं शेवाळ, त्यातून उगवलेले नेचे, नेच्यांच्या टोकाला लोंबणारा थेंब आणि त्या थेंबात उलटं टांगलेलं सगळं रान. कुठूनसा शीळकरी कस्तूर गात होता. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या रस्त्यानं चाललेल्या एखाद्या मुलासारखी त्याची शीळ, सूर शोधणारी, मधेच विसरणारी, पुन्हा पहिल्यापासून धरणारी. ओढे आडवे येत होते आणि घोट्याशी खेळून सोडून देत होते. पावसाचा आवाज वर पानांत, खाली पानांत आणि माझ्या टोपीवर असा तीन पट्ट्यांत वाजत होता. मी थांबले की तिसरा पट्टा मंद होई, चालले की लागे. आपण या वाद्यवृंदात आहोत, असं वाटून मी एकटीच हसले.

खिंडीत धुकं होतं. कात्राबाईला हात जोडले, आणि तेवढ्यात कस्तूर गप्प झाला.

आधी वारा आला. दरीतून, खालून वर, आणि त्याच्याबरोबर पाऊसही खालून वर. चेहऱ्यावर हनुवटीकडून लागणारा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. मग दिशा संपल्या. समोरची वाट वाटेसारखी दिसेना, ओहळासारखी दिसू लागली, आणि मी ओहळातूनच उतरत राहिले. पाणी खाली जातं, गाव खाली आहे, एवढ्या एकाच शहाणपणावर. कुमशेतचं पहिलं छप्पर दिसलं तेव्हा संध्याकाळ होती की भर दुपार, सांगता आलं नसतं.

पडवीत एक म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती. माझ्याकडं, माझ्या मागं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"एकलीच?"

"हो, आजी."

"मानूस कुढंय तुझं?"

"घरी आहे."

"आन् तू हितं," ती म्हणाली, आणि जागा करून देत सरकली. तेवढ्यात माझी चौकशी संपली.

रात्री चुलीपाशी माझे कपडे वाफ सोडत होते. नागलीची भाकरी, हुलग्याचं कढण, ठेचा. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बोलायचं ते दोन पावसांच्या सांध्यात. आजीनं मला नक्षत्रं समजावली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासवांचा, पूर्वाचा सुनांचा. तरणा येतो तो नाचत, भिजवतो, पळून जातो. "ह्यो म्हातारा हाय. म्हातारा येतो तो बसाया येतो. त्याला उठ म्हनायचं न्हाई."

मला बाबा आठवले. परसात त्यांचा पर्जन्यमापक असायचा. सकाळी साडेआठला, आंघोळीपूर्वी, ते नरसाळं उचलून आतलं पाणी काचेच्या नळीत ओतत आणि वहीत आकडा लिहीत. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खात्याच्या भाषेत तो पाऊस शेवटच्या पायरीवर पोचतो. त्यापुढं पायरीच नाही. बाबा पावसाची उंची मोजत. आजी त्याचं वय सांगत होती. दोघांचंही खोटं नव्हतं. बाहेर अंधारात आजोबा डोंगर भिजत उभा होता. लव-कुश ज्या वाल्मीकींना आजोबा म्हणत त्यांच्यावरून डोंगराला हे नाव पडलं, असं सांगतात. आजोबाच्या पायथ्याशी, आजीच्या पडवीत, म्हाताऱ्या पावसात मी, केस काळे करायचं नुकतंच सोडलेली, अगदीच लहान होऊन झोपले.

सकाळी निघाले. आजीनं अडवलं नाही. "पानी बघून ये," एवढंच म्हणाली. मी ते 'जाऊन ये' असं ऐकलं.

मुळा तिथं अजून नदी म्हणवून घेत नाही. एरवी दगडांवर पाय देत, बूटही न भिजवता ओलांडता येईल असा एक ओढा. त्या सकाळी ते पाणी कावेच्या रंगाचं होतं. काठावर उभी राहिले आणि पहिल्यांदा पायांना ऐकू आलं. पाण्याच्या गर्जनेखाली आणखी एक आवाज होता, ठोक्याठोक्यांचा. तळाशी धोंडे एकमेकांवर आदळत होते, भुईच्या पोटात कुणी उखळ मांडून कांडत बसावं तसे. एक आख्खं उंबराचं झाड मुळांसकट समोरून गेलं. पानं अजून हिरवी, ताठ. आपण तोडले गेलो आहोत हे त्याला कळलंच नव्हतं. पलीकडे पाचनईची वाट दिसत होती. अगदी स्पष्ट. चाळीस पावलांवर तिची तांबडी माती, तिच्यावरचं गवत, गवताला आलेला वारा. नकाशावर ते अंतर रेघेच्या जाडीइतकंही भरलं नसतं.

बाबांनी शिकवलेली एक युक्ती मला येत होती. पाण्याच्या कडेला काटकी रोवायची आणि बघत बसायचं. मी कारवीची काटकी मोडली, पाण्यापासून वीतभर वर रोवली आणि दगडावर टेकले. पाणी काटकीशी आलं. तिला चाटलं. तिच्याभोवती फेसाची एक लहानशी माळ घातली. मी मनातल्या मनात काटकीच्या बाजूनं होते, लहान मुलांच्या भांडणात उगाच एकाची बाजू घ्यावी तशी. ती राहिली तर मी जाईन असं काहीतरी वेड्यासारखं ठरवलं होतं. मग ती किंचित वाकली, आणि पुढच्या लाटेला तिथं नुसतं पाणी होतं.

मी वळले.

पाहणारं कुणी नव्हतं तरी लाज वाटली. पाठीवरच्या पिशवीत तिसऱ्या दिवसाचा शिधा होता. तो अचानक जड झाला. पावलं उचलताना मी कारणं जुळवत होते, घरी सांगायची, मैत्रिणींना सांगायची, बाबांना सांगायची, ते नाहीत हे माहीत असून. आणि खिंडीकडचे ओढेही आता सुटले असणार, म्हणजे पुढची वाट बंद तशी मागचीही. मला फक्त एक पडवी उरली होती.

आजी तांदूळ निवडत होती. वर न पाहताच म्हणाली, "आलीस? भाकर टाकते."

मग दोन दिवस मी बसले. आयुष्यात इतकी कधी बसले नव्हते. पागोळ्या अंगणात एका ओळीत खळगे पाडत होत्या, त्या खळग्यांमधली माती धुऊन बारीक खडे उघडे पडले होते, आणि ते खडे एकेक करून मला पाठ झाले. माणसं इरली आणि प्लास्टिकचे कागद पांघरून खाचरांचे बांध पाहायला जात, वाहिलेली आवणी बघून परत येत, आणि कुणी मोठ्यानं हळहळत नसे. शेळ्या घरात. कोंबड्या घरात. धूर घरात. सगळे एकाच अंधारात, एकमेकांच्या उबेवर. दुसऱ्या दिवशी मला जाणवलं, मी घड्याळ पाहायचं थांबले होते.

रात्री मात्र भीती यायची. घरामागं डोंगर होता, आणि जुलैचा शेवट सह्याद्रीच्या पायथ्याला कसा असतो हे मला दरडींच्या तारखांनिशी ठाऊक होतं. माळीण, 30 जुलै 2014. तळीये, 22 जुलै 2021. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023. ती गावंही अशीच रात्री पाऊस ऐकत पडली असतील, कुणी पागोळ्या मोजत, कुणी उद्याच्या आवणीचा विचार करत. मी डोळे उघडे ठेवून पडले होते. मधेच आजी उठली. कंदील घेऊन मागच्या दारी गेली. तिथं कातळातून एक झरा येतो, बारमाही, तिच्या हंड्याचा. तिनं ओंजळ धरली, कंदिलापाशी नेली, वाकून पाहिली आणि ओतून दिली. डोंगर आतून सुटायला लागला की आधी झऱ्याला कळतं, पाणी गढुळतं. मग उठायचं, सगळ्यांना उठवायचं, आणि काही न उचलता पळायचं. हे तिनं मला चार शब्दांत सांगितलं, आणि पुढं म्हणाली,

"नितळ हाय. झोप."

त्या रात्री ती तीनदा उठली. तीनदा दार करकरलं, तीनदा कंदिलाचा पिवळा ठिपका तिच्या ओंजळीत उतरला, अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात उतरला होता तसाच. नितळ हाय. झोप. मी गड, शिखरं, उगम असं काय काय शोधत निघाले होते, आणि एका सुरकुतल्या ओंजळीतलं पाणी कुणीतरी माझ्यासाठी, ओळखपाळख नसताना, झोपमोड करून पाहत होतं. मला रडू आलं. पावसात ते कुणाला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची माती हटली आणि राजूरला जाणारी जीप आली. आजी पडवीतून उठली नाही. म्हातारा पाऊस अजून बसलेलाच होता. तिनं त्यालाही उठ म्हटलं नव्हतं, मलाही थांब म्हटलं नाही. उरलेला शिधा मी तिच्या चुलीपाशी ठेवला. जीप वळणावर आली तेव्हा धुकं क्षणभर फाटलं आणि आजोबाच्या अंगावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा दिसल्या, एखाद्या म्हाताऱ्यानं नुकतीच आंघोळ करून केस मोकळे सोडावेत तशा.

पुढं जानेवारीत मी नेवाशाला गेले. मोहिनीराजाच्या देवळात काही वेळ थांबले, मग तो पैसाचा खांब पाहिला. शके 1212 मध्ये या गावात, या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पूर्वी मी तिथं आले होते तेव्हा ओव्यांचा विचार मनात होता. या खेपेला मला ते टेकून बसणं दिसलं. एका जागी बसून केवढं चालता येतं.

मग नदीवर गेले. काठाला ऊस, त्याच्या पात्यांची सळसळ, उन्हात पसरलेलं संथ पाणी. त्यातलं कुठलं रतनगडाचं आणि कुठलं हरिश्चंद्रगडाचं, हे विचारायची सोय आता उरली नव्हती. जुलैतल्या त्या सकाळी ज्यानं माझी काटकी नेली, तेही कधीतरी धरणात थांबलं असेल, पाटानं कुणाच्या शेतात गेलं असेल, आणि उरलेलं इथवर आलं असेल. मला जे जोडायचं होतं ते जोडून झालं होतं. मी वाकून ओंजळ भरली आणि उन्हापाशी नेली.

नितळ होती.

कुमशेत ते पाचनई ही वाट मी अजून चाललेले नाही.